शुश्रूषेचा भार आणि पापाची जाणीव

अपराधी असणे आणि अपराधी वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तर्काने कोणालाही पटते. परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या आईला वा वडिलांना वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या माणसाला ते पटवून देणे फार कठीण असते. आणि तो माणूस ख्रिस्ती असेल तर त्याहून कठीण. आमच्या उपासनेत पापांगीकाराला मोठे स्थान आहे. जे करू नये ते केले याची आणि जे करावयास हवे होते ते केले नाही याचीही कबुली मंडळी एकत्रपणे देते. ज्याच्या घरी आदली रात्र जागून काढली गेली आहे, त्याला या दोन्ही सदरांत मांडण्यासाठी काही शोधावे लागत नाही.

हा एका लहान समाजापुरता प्रश्न आहे असे वाचकांस वाटण्याचा संभव आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या अकरा लाखांच्या आत, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी भरते. मात्र आजार धर्म पाहत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या आधारे साठ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अदमासे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावीत असा अंदाज करण्यात आला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्याची थट्टा केली, ज्याला म्हातारचळ म्हणून हिणवले, त्यातील बराच भाग मेंदूचा विकार होता. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याच्या एका प्रकाराची नोंद वैद्यकांच्या सभेत मांडली होती. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी तो बरा करणारे औषध अद्याप हाती नाही. तेव्हा जे काही करावयाचे ते घरातील माणसांनाच करावे लागते.

माझी आई मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. तिने चौतीस वर्षे गणित शिकविले, आणि तिच्या हातून पहिल्यांदा निसटले ते गणितच. वाण्याने परत दिलेले सुटे पैसे ती पुनःपुन्हा मोजू लागली. मग गॅस चालू राहू लागला. मग दिवेलागणी झाली की 'मला घरी जायचंय' हा हट्ट सुरू झाला. आणि हा हट्ट ती ज्या घरात चाळीस वर्षे राहिली त्याच घराच्या ओटीवर उभी राहून करीत असे. दिवसा माझी पत्नी आणि रात्री मी अशी आमची पाळी होती. तिसऱ्या वर्षीच्या एका रात्री, चौथ्यांदा अंथरूण बदलून होते न होते तोच ती उठून दाराकडे निघाली, तेव्हा मी तिला दोन्ही दंडांना धरून खाटेवर बसविले. 'बसविले' हे क्रियापद मी येथे सोयीने वापरले आहे. खरे क्रियापद 'ढकलले' हे होय. सकाळी तिच्या दंडावर काळानिळा वळ होता. तिने तो मला दाखविला आणि काळजीच्या सुरात विचारले, ''कुठं लागलं असेल रे हे?''

डोंगरावरील प्रवचनात येशूची एक शिकवण आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला जर आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत यावे. ही शिकवण लहानपणी मला आईनेच समजावून दिली होती. आता अडचण अशी होती की तिच्या मनात माझ्याविषयी काहीच नव्हते. समेट होण्यासाठी दोघांनाही तीच गोष्ट आठवावी लागते. क्षमा मागावयास गेलो असतो तर तिने मला शाळेतला कोणी मुलगा समजून डोक्यावरून हात फिरविला असता. तिने तसा तो फिरविलाही. त्या महिन्याच्या प्रभुभोजनाच्या वेळी मी बाकावरच बसून राहिलो.

हा पेच मला ख्रिस्ती शुश्रूषकाचा खास पेच वाटतो. हिंदू घरांत मातृऋण, पितृऋण अशी भाषा असते. ऋण फिटत नाही याचे दुःख मोठे असले, तरी ते फेडीत राहण्याचा मार्ग खुला असतो. आमच्याकडे भाषा पापाची आणि क्षमेची आहे. आणि ज्या माणसाची क्षमा हवी तो माणूस समोर बसलेला असूनही ती देण्याच्या पलीकडे गेलेला असतो. स्कॉटलंडमधील जॉन स्विंटन हे धर्मशास्त्रज्ञ पूर्वी मनोरुग्णांच्या परिचर्येचे काम करीत. स्मृतिभ्रंशाविषयीचा त्यांचा ग्रंथ २०१२ साली प्रसिद्ध झाला. माणसाचे माणूसपण त्याला स्वतःला किती आठवते यावर अवलंबून नसून देव त्याला स्मरतो यावर उभे आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. या विचाराने मला पुष्कळ धीर दिला. तथापि देवाच्या स्मरणात असलेल्या त्या स्त्रीचे अंथरूण रात्री तीन वाजता कोणी बदलावयाचे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. धर्मशास्त्र जेथे थांबते तेथे आमचे रूक्ष अर्थशास्त्र सुरू होते, म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आईच्या दंडावरील तो वळ हा अपराधच होता. थकवा हे त्याचे कारण होय, समर्थन नव्हे. ज्यांना 'तुम्ही काहीच चुकला नाहीत' असे सांगून शुश्रूषकाचे सांत्वन करावेसे वाटते, त्यांनी ते करू नये. त्याला ते खोटे आहे हे ठाऊक असते. पण याच एका अपराधाच्या खात्यावर मी इतर कितीतरी गोष्टी चढवीत होतो. दिवसपाळीसाठी बाई ठेवली, हा अपराध. परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे काम मुद्दाम मागून घेतले, कारण तेथे तीन तास शांतता मिळते, हाही अपराध. सर्वांत जड नोंद म्हणजे, हे सारे लवकर संपावे अशी प्रार्थना मी केली होती.

खोटे बोलण्याची नोंद तर रोजची होती. माझे वडील जाऊन अकरा वर्षे झाली होती. आई दर संध्याकाळी विचारी, ''हे अजून आले नाहीत?'' पहिल्या काही दिवसांत मी खरे ते सांगितले. प्रत्येक वेळी ती ते पहिल्यांदाच ऐकत असे. प्रत्येक वेळी ती नव्याने विधवा होई, रडे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न विचारी. शेवटी माझी पत्नी म्हणाली, ''मंडळीच्या मीटिंगला गेलेत म्हणून सांगा.'' वडील खरोखरच आयुष्यभर मंडळीच्या मीटिंगांना जात असत. आई निश्चिंत होऊन जेवू लागली. असत्याविरुद्धची आज्ञा मी अशा रीतीने रोज सायंकाळी मोडीत होतो, आणि माझ्या आयुष्यात मी इतका दयाळू क्वचितच झालो असेन. नियमाचा शब्द आणि नियमाचा हेतू यांतील अंतर ज्या येशूने शब्बाथाच्या वादात इतक्या ठामपणे दाखविले, त्याच्या अनुयायांना हे उमगण्यास एवढा वेळ लागावा हे नवलच म्हणावयाचे.

बऱ्याच महिन्यांनी मी पाळकांना त्या वळाविषयी सांगितले. त्यांनी क्षमेविषयीची वचने वाचली, प्रार्थना केली, आणि उठता उठता विचारले, ''सर, तुम्ही सलग कधी झोपला होता?'' तो प्रश्न मला वचनांइतकाच शास्त्राला धरून वाटला. जुन्या करारात एलीया संदेष्टा थकून एका झुडपाखाली बसतो आणि आता मरण दे म्हणून देवाची विनवणी करतो. देवदूत येतो तो त्याला बोल लावण्यासाठी नव्हे. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवलेले असते. तो खातो, पुन्हा झोपतो. त्याला पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले जाते. पुढचे संभाषण त्यानंतरचे. लोकांचा सारा भार एकट्यावर पडल्यामुळे मोशेही असाच मरण मागतो, आणि उत्तरादाखल त्याला सत्तर वडील नेमून मिळतात. भार वाटून घेण्याची व्यवस्था हीच येथे देवाची कृपा आहे.

आता अर्थशास्त्राकडे वळू. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० सालच्या आपल्या कल्याणविषयक ग्रंथात एक विसंगती नोंदविली होती. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय लाभांश घटतो. काम तेच राहते, फक्त पगार बंद होतो. विद्यार्थी या उदाहरणाला दरवर्षी हसतात. स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेत हा विनोद उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली या विकाराचा जगावरील आर्थिक भार १.३ लाख कोटी डॉलर इतका होता, आणि त्यातील जवळजवळ निम्मा भाग घरच्या माणसांनी विनामोबदला केलेल्या शुश्रूषेचा होता. या शुश्रूषेच्या तासांपैकी सुमारे ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. आपल्याकडील २०१९ च्या काल-उपयोग पाहणीत घरातील माणसांची विनावेतन देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुष ७६ मिनिटे देतात असे आढळले होते.

जेथे वेतन नाही, रजा नाही, बदली माणूस नाही, तेथे हे काम चालू कसे राहते? प्रेमाने, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. प्रेम असूनही शरीर थकते; मग त्या थकलेल्या शरीराला पुन्हा उभे करणारी शक्ती अपराधभावाची असते. बाजारात जे काम किंमत करते ते येथे टोचणी करते, आणि किंमतीप्रमाणे ती देणाऱ्याच्या खिशातून जात नाही. राबणाऱ्याच्याच मनातून वसूल होते. इतरांना हा सौदा फार स्वस्त पडतो. म्हणूनच जो सर्वांत जास्त करतो त्यालाच सर्वांत जास्त अपराधी वाटते, असे उफराटे गणित घरोघरी दिसते. परगावी असलेला भाऊ आठवड्यातून एकदा फोन करून 'बदाम देत जा' असा सल्ला देतो आणि स्वस्थ झोपतो. आमच्या घरात माझ्याहून जास्त वेळ माझ्या पत्नीने दिला. तिने शिकवण्या बंद केल्या. एका कामासाठी जे दुसरे सोडावे लागते त्याची ही किंमत, जिला मी वर्गात संधिव्यय म्हणतो, तिने कधी बोलून दाखविली नाही. मी मात्र माझ्या पापाविषयी चिंतन करीत बसलो होतो. अपराधभाव ही कधी कधी सवडीचीही गोष्ट असते, हे मला फार उशिरा कळले.

मराठी मनावर आईबापांच्या सेवेचा जो आदर्श कोरला गेला आहे तो पुंडलिकाचा. आम्ही ख्रिस्ती मुलेही ती कथा ऐकतच वाढलो. दारात उभ्या असलेल्या देवाला विटेवर थांबावयास सांगणारा तो पुत्र थोर खराच. पण त्याचे आईबाप त्याला ओळखत होते. आणि त्या घरात चूल कोण सांभाळीत होते याविषयी कथा फारसे बोलत नाही. असो.

आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांना, आईला काही दिवस एखाद्या शुश्रूषागृहात ठेवण्याचा विचार आम्ही करीत आहोत असे कळले, तेव्हा त्यांनी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाची आठवण करून दिली. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणारा माणूस विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट, असा त्यातील एका वचनाचा आशय आहे. माझी पत्नी त्या रात्री जेवली नाही. मी तो अध्याय पुन्हा वाचला. नातलगांनी आपल्या विधवांचा भार उचलावा, म्हणजे मंडळीवर तो पडणार नाही, याच बाजूला त्याचा कल आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते वचन तरतूद टाळणाऱ्याविषयी आहे, ती करता करता मोडून पडणाऱ्याविषयी नव्हे. शिवाय त्याच अध्यायात साठीपुढील निराधार विधवांची नोंद मंडळीने कशी ठेवावी याचीही चर्चा आहे. एक वचन तोंडपाठ असणाऱ्या आमच्या किती मंडळ्यांकडे अशी यादी आहे? वधस्तंभावर असताना येशूने आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपविले आणि त्याने तिला आपल्या घरी नेले, असे योहान लिहितो. आपण स्वतः जे करू शकत नाही त्याची व्यवस्था लावणे हेही पुत्रकर्तव्यच, एवढा अर्थ त्यातून काढण्यास हरकत नसावी. वृद्धाश्रमांची वकिली करण्याचा येथे हेतू नाही. त्यांपैकी काहींची अवस्था पाहून मीच पाय मागे घेतला होता.

शासनाची दृष्टीही त्या गृहस्थांहून फार वेगळी नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या कायद्याने वृद्धांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड ठेवला. हा कायदा आवश्यकच होता. परंतु मुलांना सांभाळावयाचे नसते हे त्याचे गृहीतक आहे. ज्यांना सांभाळावयाचे आहे पण जमत नाही त्यांच्यासाठी फारसे काही उभे राहिले नाही. केंद्र शासनाच्या सेवेतील महिलांना मुलांच्या संगोपनासाठी साऱ्या सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. स्मृतिभ्रंश झालेल्या आईसाठी अशी स्वतंत्र रजा नाही. आपल्या हक्काच्या रजा मोडाव्या लागतात. ज्यांना हक्काची रजाच नाही अशा तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी आणि दुकानांतील नोकरांनी काय करावे?

मंडळीला मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. साधे त्रैराशिक मांडू. ज्या मंडळीत साठीपुढची शंभर माणसे आहेत तेथे, वरील प्रमाण धरल्यास, सात घरांत हा आजार असावयाचा. महिला मंडळ आणि तरुण संघ मिळून चाळीस माणसे पुढे आली आणि दोघादोघांनी आठवड्यातून एकेका घरी एक दुपार बसावयाचे ठरविले, तर प्रत्येक जोडीची पाळी जेमतेम तीन आठवड्यांनी एकदा येते. नाताळच्या गाण्यांच्या तालमींना याहून अधिक वेळ जातो. केरळात १९९२ साली सुरू झालेल्या अल्झायमरविषयक संस्थेने दिवसभराची देखभाल केंद्रे आणि कुटुंबीयांचे प्रशिक्षण यांचे काम उभे केले. तेथे जे जमले ते येथे जमू नये असे काही नाही. अशा दुपारी काय करावे हेही फार अवघड नसते. आईला माझे नाव आठवत नसे, पण ना. वा. टिळकांच्या भजनाची पहिली ओळ कोणी म्हटली की पुढची सारी ती म्हणत असे, तीही चालीत. गाण्याची स्मृती पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते. कोणी गावयास आले असते तर तिची दुपार गेली असती आणि माझ्या पत्नीला दोन तास झोप मिळाली असती. लोक येत, 'तुम्ही धन्य, तुम्हांला स्वर्गात प्रतिफळ मिळेल' असे म्हणत, चहा घेत आणि जात. तो चहाही तीच करीत असे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. भेटावयास आलेले लोक 'सुटली बिचारी' म्हणत होते आणि माझ्या कानांना ते 'सुटलो' असे ऐकू येत होते. ती सुटकेची भावना खरी होती. तिची लाज वाटली, तीही खरी होती. आज मला त्यातील पहिलीबद्दल क्षमा मागावीशी वाटत नाही. वळाबद्दल मागितली आहे, आणि ती मिळाली असा माझा विश्वास आहे.

आमच्या मंडळीत आता तिसऱ्या बाकावर एक बाई एकट्या बसतात. त्यांचे यजमान पूर्वी त्यांच्या शेजारी बसत. आता ते घरी असतात, बाहेरून कडी लावून. ''कसे आहेत?'' असे आम्ही सारे विचारतो. ''प्रभूची कृपा,'' असे त्या म्हणतात. गेल्या रविवारी संदेश लांबला. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले, आणि प्रभुभोजनाची तयारी सुरू झाली तेव्हा त्या उठल्या. मी बाकाच्या कडेलाच बसलो होतो. त्यांना जाता यावे म्हणून मी पाय बाजूला घेतले.